दिगूभाऊंचा राहिलेला एक बॉल

काही माणसांच्या शेजारी दहा वर्षं राहिलात तरी सांगण्यासारखं काही घडत नाही. आणि काहींबरोबर नुसते लिफ्टमधून खाली उतरलात तरी घरी येऊन बायकोला सांगायला काहीतरी असतं. आमचे दिगूभाऊ दुसऱ्या प्रकारातले. सिंगापुरात आम्ही चार-सहा मराठी टाळकी रविवारी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी प्यायला जमतो. विषय सुरू होतो कुणाच्या तरी पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याच्या, अर्जावरून, आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतोच, "अरे, दिगूभाऊंचं ते ऐकलंस का?" मग कॉफी गार होते.

दिगूभाऊ मूळचे अमरावतीचे. पोटासाठी मरीन इंजिनिअर, जहाजावर चीफ. चार महिने समुद्रावर, चार महिने बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये. आणि जिवासाठी बेसबॉलचे पिचर! हो, बेसबॉल. आपल्या क्रिकेटमध्ये जसा बोलर, तसा तिकडे पिचर. फक्त टप्पा टाकायचा नाही, आणि फलंदाजाचे तीन चेंडू हुकले की तो बाद.

मी पुण्याचा. बेसबॉल आणि अमरावती हे दोन शब्द एका वाक्यात मी कधी ऐकले नव्हते. पहिल्याच भेटीत विचारलं, "का हो, तुमच्याकडे पोरं क्रिकेट नाही खेळत?"

"खेळतात ना बाप्पा," दिगूभाऊ शांतपणे म्हणाले. "ज्याले बेसबॉल जमत नाई, ते खेळतात."

*

ही पहिली भेट मंडळाच्या गणपतीत झाली. प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढच्या उंच माणसाने मागे वळून पाहिलं, माझा उजवा हात उचलला आणि भविष्य सांगणाऱ्यासारखा निरखला.

"विकेटकीपर?"

"कॉलेजात होतो. वीस वर्षं झाली."

"बोटं वाकडी हायेत तुझी. रविवारी बिशानच्या मैदानात ये."

इतक्या प्रेमाने माझ्या बोटांबद्दल कोणी बोललं नव्हतं. गेलो. त्यांनी मला एक जाडजूड ग्लोव्ह दिला, पुढे बसवलं आणि अठरा मीटरवरून पहिला बॉल टाकला. तो सरळ माझ्या नाकाकडे येत होता. मी ग्लोव्ह नाकापुढे धरला आणि बॉल माझ्या गुडघ्यावर बसला!

"दिगूभाऊ, हा वळला!"

"वळणारच! कर्व्ह म्हणतात याले! हे शिकण्यापायी तीन वर्षांचा डिप्लोमा पाच वर्षांत केला मी!"

त्यानंतर तीन आठवडे पाया लेबारच्या ऑफिसात मी एका हाताने टायपिंग करत होतो. मॅनेजरने विचारलं तेव्हा दारात बोट सापडल्याचं सांगितलं. पुढच्या सोमवारी दुसरं बोट सुजलं, तेव्हा ती म्हणाली, "नंदू, प्लीज चेंज द डोअर."

*

दिगूभाऊ अकरा वर्षांत सहा टीमकडून खेळले. त्यात त्यांचा दोष नव्हता. इथल्या रविवारच्या लीगचा सीझन चार-पाच महिने चालतो. मधेच कंपनीचा फोन यायचा की जहाजावर रुजू व्हा. भाऊ बॅग भरून निघायचे. परत यायचे तोवर त्यांच्या जागी दुसरा पिचर आलेला असायचा. मग नवी टीम, नवी जर्सी, नवी टोपी. वंदनावहिनी म्हणतात, "आमच्या कपाटात टोप्याच टोप्या आहेत, आणि डोकं घरात नसतंच."

प्रत्येक नव्या टीममध्ये ते मला बरोबर न्यायचे. सहाव्या टीमचा कॅप्टन लिन नावाचा तैवानी होता, माझ्याच ऑफिसच्या इमारतीत कामाला. त्याला दिगूभाऊ हवे होते. मी कशाला हवा, हे त्याला कळेना.

"ही कॅन बॅट?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं.

"नो," दिगूभाऊ म्हणाले.

"ही कॅन रन?"

"लुक ॲट हिम."

लिनने माझ्या पोटाकडे पाहिलं. "देन?"

"ही कॅचेस माय बॉल," दिगूभाऊ म्हणाले. "ही नोज व्हेअर इट विल गो."

मला बायकोनेही इतक्या लोकांसमोर कधी असं म्हटलं नव्हतं. घरी जाऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीही तेच दिलं असतं."

*

त्यांची पहिली टीम जपान्यांची होती. कॅप्टन हायाशी-सान, आता साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. या मंडळींची शिस्त अशी की सामन्याआधी सगळे ओळीत उभे राहून, टोप्या काढून मैदानाला वाकून नमस्कार करतात, आणि सामना संपला की कॅप्टनसकट सगळे हातात दाताळं घेऊन माती सारखी करतात.

पिचर जिथून बॉल टाकतो तिथे मातीचा छोटा उंचवटा असतो. दिगूभाऊ पहिल्या सामन्याला त्या उंचवट्यापाशी गेले, खाली बसले, बूट काढले, मोजे काढले, अनवाणी वर चढले, मातीला हात लावून कपाळाला लावला, खाली उतरले आणि परत मोजे घालायला बसले. सगळं सावकाश. अंपायर मिस्टर टॅन म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी. मास्तर. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"अंकल, टेम्पल इज दॅट साइड लाह!" इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी 'लाह' येतो, आपल्या 'की'सारखा, आणि नुसतं 'कॅन' म्हटलं की 'चालेल'.

सगळे हसतील म्हणून मी मान खाली घातली. वर पाहिलं तर सगळेच्या सगळे जपानी टोपी काढून उभे! आणि पुढच्या रविवारी समोरच्या टीमची बॉल टाकायची पाळी आली तेव्हा त्यांचा पिचरही बुटाच्या लेस सोडत बसला होता. त्याला वाटलं, लीगचा नवा नियम निघाला.

*

जहाजावर भाऊ काय करतात याचं मला कुतूहल असायचं, कारण परत आले तरी त्यांचा हात जसाच्या तसा असायचा. एकदा त्यांचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा उलगडा झाला.

झालं असं की इंजिनरूमबाहेरच्या भिंतीवर खडूने चौकट आखून ते रोज संध्याकाळी सराव करायचे. खरे बॉल तीन होते, तिन्ही समुद्रात गेले. मग पायमोज्यात चिंध्या कोंबून बॉल केला. पण भिंत काही बॉल परत देईना, म्हणून जहाजावरचा फिलिपिनो कुक पकडला. त्याच्याकडे भट्टीतून ट्रे काढायचे जाड हातमोजे होते! महिनाभर मजेत गेला. मग एक दिवस दिगूभाऊंना लहर आली आणि त्यांनी चिंध्यांच्या आत एक लोखंडी नट घातला.

कॅप्टनने दुपारी विचारलं, "चीफ, कुकच्या हाताला काय झालं?"

"सर, कर्व्ह समजला नाई त्याले," दिगूभाऊंनी खरं ते सांगितलं.

दोन दिवस जहाजभर सगळ्यांनी ब्रेड-जॅम खाल्लं. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने चीफ इंजिनिअरला स्वयंपाकघरात पाठवलं. भाऊंनी पिठलं-भात केला. कुक बिचारा बोटाला पट्टी बांधून शेजारी उभा होता आणि चव घेऊन म्हणाला, "चीफ, प्लीज, आय विल कॅच."

*

आता हा किस्सा मी सांगतो तेव्हा जरा थांबतो, कारण हसायला येत नाही.

सहा टीमपैकी तीन टीम दिगूभाऊ असलेल्या सीझनला अजिंक्य झाल्या. सगळे अवघड सामने यांनी काढून दिलेले. आणि तिन्ही फायनलच्या रविवारी दिगूभाऊ कुठल्या तरी समुद्रावर. एकदा तर फायनल चार दिवसांवर असताना फोन आला! विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. चेक-इनच्या रांगेत ते उजवा हात खांद्यातून गोल फिरवत होते. मागच्या बाईंना वाटलं, हा माणूस व्यायाम करतोय.

त्या वर्षी हायाशी-सान यांनी विजयाचा फोटो त्यांना जहाजावर पाठवला. मधल्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी सोडली होती आणि तिथे दोघांनी दोन बाजूंनी दिगूभाऊंची जर्सी ताणून धरली होती. मी म्हटलं, आता भाऊ रडतील. तीन दिवसांनी उत्तर आलं.

"नंदू, जर्सीले इस्त्री कोणं केली रे? त्याले थँक्यू सांग."

इस्त्री वंदनावहिनींनी केली होती.

*

दिगूभाऊंची मुलगी इरा चौदा वर्षांची. जन्म इथला, शाळा इथली. घरात मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. बापाचा एकही सामना तिने पाहिला नव्हता. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना मी सहज म्हटलं, "इरा, ये ना रविवारी. बाबा काय बॉल टाकतात बघ!"

"फॉर व्हॉट, काका?" ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. "ही नेव्हर फिनिश वन. बर्थडे ऑल्सो हाफ, स्कूल कॉन्सर्ट ऑल्सो हाफ. फायनल असेल आणि तो शेवटपर्यंत असेल, देन टेल मी. आय कम."

वहिनी हसून म्हणाल्या, "तू तरी अर्धी पाहिलीस. माझ्या अक्षता पडल्या आणि तिसऱ्या दिवशी यांचं जहाज!"

दिगूभाऊही हसले. पण जेवण झाल्यावर मला खाली सोडायला आले आणि एलआरटी रेल्वेच्या स्टेशनच्या जिन्यापाशी उभे राहिले. मला म्हणाले, "नंदू, सत्तेचाळीस झाले. हात अजून एक वर्ष देईन, फार तं दोन. मले कप नको राजेहो. एक फायनल, पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत. अन् पोट्टी तिथं बसलेली पायजे. बस."

मी पुढची दोन स्टेशनं खिडकीबाहेर बघत होतो. मला माझ्या वडिलांची आठवण येत होती. ते माझ्या एकाही मॅचला आले नव्हते, आणि मी त्यांना कधी बोलावलंही नव्हतं.

*

यंदा योग आला! लिनची आमची टीम म्हणजे सगळ्यांत रडकी. पण दिगूभाऊ पेटले होते. आम्ही फायनलला गेलो, समोर हायाशी-सान यांचे जपानी. कंपनीशी बोलून भाऊंनी रुजू होण्याची तारीख सरकवून घेतली होती. फायनल रविवारी सकाळी, विमान त्याच संध्याकाळी.

इरा आली. आईबरोबर स्टँडमध्ये बसली. भाऊंनी पहिल्या बॉलपासून सगळा सामना एकट्याने टाकला. शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. बेसबॉलमध्ये तिघे बाद झाले की डाव संपतो. त्यांचे दोघे बाद, शेवटचे फलंदाज स्वतः हायाशी-सान. त्यांचेही दोन बॉल हुकले. म्हणजे आता एक हुकला की संपलं! मी ग्लोव्ह धरून बसलो, आणि माझे गुडघे दुखत होते तेही मला कळत नव्हतं.

दिगूभाऊंनी हात वर घेतला आणि मैदानाचा भोंगा वाजला.

इथे वीज पडण्याचा धोका असला की मैदानातला भोंगा वाजतो, दिवा लुकलुकतो, आणि खेळ थांबवून सगळ्यांनी छपराखाली जायचं. त्यात कुणाचं काही चालत नाही. मिस्टर टॅननी दोन्ही हात वर केले. आम्ही छपराखाली गेलो. पाऊण तास सगळे त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत होते. एक वाजला. आमचं बुकिंग संपलं. फुटबॉलवाले छत्र्या घेऊन रांगेत उभे होते. टॅन म्हणाले, "नेक्स्ट संडे. सेम पोझिशन."

"दिगूभाऊ, एक आठवडा पुढे ढकला ना," मी म्हटलं. "मी बोलतो कंपनीशी!"

"ज्याले सोडवाले चाललो, तो माणूस पाच महिने झाले जहाजावर हाय," ते म्हणाले. "बॅग भरून बसला असन. मी बसलोय तसा, मले मालूम हाय. एका बॉलसाठी त्याले अजून आठ दिवस ठेवू?"

इरा शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. "सी, काका?" ती मला म्हणाली आणि कानात इअरफोन घातले.

दिगूभाऊ बुटाची लेस सोडायला खाली बसले. बराच वेळ सोडत होते.

*

पुढच्या रविवारी एका बॉलसाठी अठरा माणसं पूर्ण ड्रेसमध्ये हजर! लिनने दुसऱ्या पिचरला उंचवट्यावर पाठवलं. मिस्टर टॅन म्हणाले, "प्ले." पण हायाशी-सान बॅट घेऊन येईनात. बाकावर बसून राहिले.

"व्हॉट हॅपन?" टॅन ओरडले.

"हॅन्ड पेन," हायाशी-सान म्हणाले.

"सो हाउ? व्हेन ओके?"

हायाशी-सान माझ्याकडे वळले. "नंदू-सान, व्हेन शिप कम बॅक?"

"फोर मंथ्स," मी म्हटलं.

हायाशी-सान यांनी आपलं मनगट हलवून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि टॅनना सांगितलं, "फोर मंथ्स पेन."

मिस्टर टॅननी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. चष्मा लावून पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. मग ते खिशात ठेवत म्हणाले, "फोर मंथ्स, आय ऑल्सो नॉट फ्री लाह."

कप टॅननी आपल्या घरी नेला, नाव न कोरता.

*

चार महिन्यांनी दिगूभाऊ आले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी फक्त मेसेज केला, "रविवारी दहाला मैदानात या. तुमचा एक बॉल राहिलाय." तरी त्यांचा विश्वास बसला नव्हता. मैदानात शिरले आणि आपापल्या जागेवर उभी असलेली माणसं पाहून फाटकाशीच थांबले.

मैदान तीन तासांखाली मिळत नाही, म्हणून दहा ते एक बुक केलं होतं. इरा वहिनींबरोबर आली, पण लांब, स्टँडच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली. मांडीवर शाळेची वर्कशीट, कानात इअरफोन. एका बॉलचाच प्रश्न होता, तिने पाण्याची बाटलीसुद्धा आणली नव्हती.

टॅन म्हणाले, "प्ले."

दिगूभाऊंनी बॉल टाकला. बाहेर, हातभर बाहेर! मी झेपावून धरला. ठीक आहे, चार महिन्यांनी टाकतायत. दुसरा बॉल. पुन्हा बाहेर. तिसरा तर माझ्यापुढे मातीत. चार बॉल असे बाहेर गेले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, जातो. लिन डोक्याला हात लावून उभा होता. मी टॅनची परवानगी घेऊन धावत, म्हणजे माझ्या परीने धावत, उंचवट्यावर गेलो.

"दिगूभाऊ, हात दुखतोय का?"

"नाई."

"मग? चार महिने थांबलीत ही माणसं!"

ते माझ्या खांद्यावरून स्टँडकडे बघत होते. इराने एक इअरफोन काढला होता.

"संपलं की पोट्टी उठून जाईन ना रे," ते म्हणाले. "आत्ता कुठं आली ते."

मी ग्लोव्ह सावरत मागे वळलो. परत येऊन बसलो. हायाशी-सान यांनी मागे न बघता विचारलं, "व्हॉट ही सेड?" मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, टोपी नीट केली आणि बॅट धरली.

पुढचा बॉल बरोबर मधोमध आला. हायाशी-सान यांनी तो रेषेबाहेर, गटाराकडे मारला. दोन हुकल्यावर फलंदाजाने असा रेषेबाहेर मारला तर तो बॉल मोजत नाहीत. बाद नाही, धाव नाही, पुन्हा टाकायचा. दिगूभाऊंनी पुन्हा टाकला. हायाशी-सान यांनी पुन्हा गटाराकडे मारला. तिसराही. चौथाही. चाळीस वर्षं खेळलेला तो माणूस प्रत्येक बॉलला बॅट अगदी कडेने लावत होता. मिस्टर टॅन मधेच खाली वाकले आणि फलंदाजाच्या पायाजवळची, आधीच स्वच्छ असलेली पांढरी पाटी छोट्या ब्रशने सावकाश झाडत बसले.

नऊ की दहा बॉल झाले असतील. इरा दोन पायऱ्या खाली आली होती. मग आणखी तीन. वर्कशीट वरच्या पायरीवर राहिली होती आणि ती उडू नये म्हणून वहिनींनी तिच्यावर पर्स ठेवली.

पुढचा बॉल बॅटला लागून जाळीच्या खालून स्टँडपाशी घरंगळत गेला. इराने उतरून तो उचलला. अठरा माणसं ती बॉल परत टाकण्याची वाट बघत उभी होती. ती बॉल हातात घोळवत जाळीपाशी आली.

"अंकल," तिने मिस्टर टॅनना विचारलं, "ग्राउंड टिल व्हॉट टाइम?"

"वन ओ'क्लॉक."

तिने फोनमध्ये वेळ पाहिली. साडेदहा.

"देन कॅन लाह," ती म्हणाली आणि बॉल जाळीवरून बापाकडे फेकला.